पुण्याचं हवामान

माझा फोटो आयुष्यात एकदाच चौकात लागला. नागपूरच्या मनीषनगरात आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. त्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या दोन खांबांना बांधलेला दहा फुटांचा फ्लेक्स होता आणि त्यावर मी होते. बारावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो ताणून मोठा केलेला, त्यामुळे माझा चेहरा होता त्याच्या दीडपट रुंद. खाली लाल अक्षरांत, पुण्याच्या नामांकित डिझाईन कॉलेजमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. माझ्यापेक्षा मोठा फोटो शेजारच्या काकांचा होता, कारण फ्लेक्स त्यांनी लावला होता. काकांना नगरसेवक व्हायचं होतं. गल्लीत कोणी पास झालं, कोणाची बदली झाली, कोणी तीर्थयात्रेहून परत आलं, की त्यांचा फ्लेक्स लागायचाच. आमच्याकडे रीतच तशी आहे. आनंद झाला की तो आधी छापून खांबाला बांधायचा आणि बाकीचा विचार नंतर करायचा.

बाकीचा विचार म्हणजे फी.

फी मला माहीत होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते ऐकून मी बिचारी वाटण्याचा संभव आहे, आणि मी बिचारी नव्हते. कॉलेजच्या वेबसाईटवर चार वर्षांची फी लिहिलेली मी परीक्षेच्या आधीच वाचली होती. बाबांनी विचारलं, "फी किती आहे वं?" तेव्हा मी फक्त जागा राखून ठेवायला जेवढे भरायचे होते तेवढेच सांगितले. "बाकी स्कॉलरशिपमधून होते," असंही ठोकून दिलं. स्कॉलरशिप होती, पण ती किती जणांना मिळते आणि कोणत्या अटीवर, ते मी वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर स्वप्न तिथंच संपलं असतं, म्हणून वाचलं नाही.

बाबा जरीपटक्याच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात सेल्समन होते. पांढऱ्या गादीवर मांडी घालून दिवसभर साड्या उलगडायच्या आणि बाई उठून गेली की पुन्हा घड्या घालायच्या, हे त्यांचं काम. समोर अठरा वर्षांची असो की ऐंशीची, प्रत्येकीला ते 'ताई' म्हणत. गिऱ्हाईक ओळखायची त्यांची स्वतःची पद्धत होती. "मी बाईचं तोंड पाहतच नाही," ते सांगायचे. "अंगावर काय कपडा आहे ते पाहतो. तेवढ्यावरून समजते, काय दाखवायचं अन् काय नाही." रस्त्यात कोणी नमस्कार केला की त्यांना नाव आठवायचं नाही, पण त्या बाईने दोन दिवाळ्यांपूर्वी कोणत्या काठाची साडी नेली होती ते आठवायचं. मला ह्या गोष्टीची फार गंमत वाटायची. मोठी झाल्यावर लाज वाटू लागली.

संत्रा बर्फी वाटून झाली, फ्लेक्स लागला आणि मग पूर्ण फीचं पत्र आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खेपा सुरू झाल्या. बँकेने पगाराची पावती मागितली. दुकानात पगार हातात मिळायचा, पावती कुठून येणार. पतसंस्थेने जामीनदार मागितला. शेठने खांद्यावर हात ठेवला, पण त्या हातात काही नव्हतं. बाबा रोज संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, "पाहू." आणि माझा जीव रोज थोडा थोडा चिडत होता.

एका गुरुवारी, बाजार बंद असायचा त्या दिवशी, दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. बाबा हळूच म्हणाले, "नागपुरात काही नाही का वं तसं? थोडं कमी पैशातलं?"

त्यावर मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

"तुमच्याच्यानं होणार काय होतं? जिंदगीभर दुसऱ्याच्या बायकांपुढे साड्या उलगडून राहिले, ताई ताई करत. त्यातून कोणाचं शिक्षण होते काय?"

आईचा हात पोळीवर थांबला. बाबा म्हणाले, "हो. तेच येते मले." त्यांनी भात संपवला, उठले आणि स्वतःची ताटली स्वतः धुतली. असं त्यांनी त्याआधी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी माफी मागितली नाही. मला वाटलं, बरोबरच बोलले.

त्यानंतर बाबा खिशातून चिठ्ठ्या आणू लागले. दुकानाचं नाव छापलेल्या बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेल्या. गादीवर बसलेल्या प्रत्येक बाईला ते साडी दाखवता दाखवता विचारत होते, ताई, तुमची मुलगी कुठं शिकते? पुतणी कुठं शिकते? फी किती आहे? जायला बस आहे काय? दहावी शिकलेल्या माणसाच्या अक्षरात आमच्या टीव्हीवर कॉलेजांचा ढीग जमू लागला. एकावर सरकारी पॉलिटेक्निक. एकावर अमरावतीचं काहीतरी, खाली कंसात 'होस्टेलचं पाणी चांगलं नाही'. एकावर नुसतंच 'शिवणक्लास, पण मॅडम चांगल्या'. मी त्या चिठ्ठ्या वाचून हसत असे, आणि ते पाहत असताना हसत असे.

त्यातलीच एक कामठीची होती. तिथं कापड विणण्याचा आणि त्याच्या डिझाईनचा तीन वर्षांचा डिप्लोमा होता. संस्था अनुदानित, फी आमच्या आवाक्यातली. तिथं शिकवणाऱ्या एक मॅडम दुकानात साडी घ्यायला आल्या होत्या. बाबांनी त्यांच्या अंगावरची साडी पाहून विचारलं, ही हातमागाची आहे ना, कुठली? त्या म्हणाल्या, मीच विणली. मग बाबांनी त्यांना अर्धा तास उठूच दिलं नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं: माग आहेत. रंगखोली आहे. पोरी स्वतः विणतात. मॅडम रागीट, पण चांगल्या. ऑटो मिळते.

पुण्याची मुदत उलटून गेली. बाकी सगळीकडचे प्रवेश बंद होत आले. शेवटच्या दिवशी मी कामठीचा फॉर्म भरला, तोंड वाकडं करून, बाबांवर उपकार करत असल्यासारखा. आणि एक अट घातली.

"गल्लीत कोणाले सांगायचं नाही. मी पुण्याले गेली असंच सांगायचं."

आई म्हणाली, "माय वं, अन् तू राहशील कुठं?"

ते मी ठरवून ठेवलं होतं. जरीपटक्यात आत्या राहायची. कामठीचे शेअर ऑटो तिच्या घराजवळूनच निघायचे. मनीषनगर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथलं कोणी जरीपटक्यात कशाला येईल? बाबा ऐकत होते. ह्या माणसाने गिऱ्हाईकाला कधी पॉलिस्टरची साडी सिल्क म्हणून विकली नव्हती, त्यावरून शेठच्या शिव्या खाल्ल्या होत्या. ते म्हणाले, "बरं."

मग माझी पाठवणी झाली. खरोखर झाली. शेजारणींनी हातावर दही घातलं, काकांनी गुलाबाचं फूल देऊन फोटो काढून घेतला, आई रडली आणि ते रडणं खोटं नव्हतं. बाबा आणि मी बॅग घेऊन ऑटोने रेल्वे स्टेशनवर गेलो. एका बाजूने आत शिरायचं, पुलावरून जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं आणि तिथून जरीपटक्याचा ऑटो करायचा, असा माझा बेत. बाबा तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. प्लॅटफॉर्म तिकीट काढायला.

"कशाले?" मी वैतागले.

"खोटं बोलून राहिलो तेवढं पुरे आहे," ते म्हणाले. "विना तिकिटाचं कशाले जायचं?"

पुलावर बॅग त्यांनीच उचलली. खाली पुण्याची गाडी लागलेली होती का, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

पहिल्याच आठवड्यात काकांनी बाबांना गाठलं आणि विचारलं, पुण्यात पाऊस किती आहे? बाबा गडबडले. संध्याकाळी दुकानातून परत जाताना ते आत्याकडे डोकावले, मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "ह्यात तिथलं हवामान येते काय? लोकं विचारतात." मी दोन मिनिटांत लावून दिलं. माझ्या हुशारीचं मला कौतुकच वाटलं. तेव्हापासून बाबा रोज सकाळी पुण्याचं हवामान पाहून घराबाहेर पडायचे, परीक्षेला जाणाऱ्या मुलासारखे. आई सांगायची, गल्लीत आता त्यांना सगळं पाठ असतं, ढग कधी आले, ऊन कधी पडलं. पुढे वाऱ्याने फ्लेक्सची एक दोरी तुटली तेव्हा आईने तो काढून आणला आणि पावसाळा संपल्यावर कूलरला गुंडाळला. माझा चेहरा आतल्या बाजूला करून.

मी जरीपटक्यातून कामठीला जाऊ लागले. आमच्याकडे मुली उन्हासाठी दुपट्ट्याने सगळं तोंड बांधतात, फक्त डोळे तेवढे उघडे. मी थंडीतही बांधायचे. ऑटोत बसायच्या आधी मागे गच्च गाठ मारायची आणि ती कॉलेजच्या फाटकातच सोडायची. वर्गातल्या मुलींना वाटायचं, ही रंगाला फार जपते.

खरं सांगायचं तर मला तिथं आवडू लागलं होतं. मागावर बसलं की डोकं शांत व्हायचं. उभे धागे ताणून घ्यायचे, आडवा धागा टाकायचा, फणीने ठोकायचा. बोटांना निळा रंग लागलेला असायचा, केसांत कापसाचे तंतू. मॅडम रागीट होत्या आणि चांगल्या होत्या, बाबांनी लिहिलं होतं तशाच. पण मला आवडलंय हे मी कोणाला सांगितलं नाही, बाबांना तर नाहीच. ते आत्याकडे डोकावून विचारायचे, "काय शिकवलं आज?" आणि मी म्हणायचे, "तुम्हाले नाही समजणार." कापडातलं. बाबांना.

डिसेंबरचा एक गुरुवार. बारा वाजताचं प्रॅक्टिकल होतं. ऑटोत मी मागच्या सीटवर कडेला बसले होते, मांडीवर विणीची नक्षी काढलेल्या आलेखाच्या कागदाची गुंडाळी. पुढच्या थांब्यावर ऑटो थांबला आणि आधी काका चढले. मागोमाग बाबा.

काका निवडणुकीच्या तयारीला लागले होते. वाटायला चादरी हव्या होत्या, आणि कामठीतला चादरींचा घाऊक भाव बाबांना ठाऊक. म्हणून सुट्टीच्या दिवशी बाबांना सोबत घेऊन निघाले होते. ड्रायव्हरच्या पाठीमागे फळी टाकलेली होती, तिच्यावर ते दोघं माझ्यासमोर तोंड करून बसले. बाबांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते.

दुपट्टा मी त्या दिवशी मैत्रिणीचा बांधला होता. मला वाटलं, वाचले. मग माझंच लक्ष माझ्या बाहीकडे गेलं. कुर्त्याचं कापड बाबांनीच दुकानातून आणलेलं, कटपीस. कापड कमी पडलं म्हणून आईने एका बाहीला खाली दुसऱ्या रंगाची पट्टी लावली होती. बाबांची नजर त्या पट्टीवर एकदा आली. मग ते बाहेर बघू लागले.

"पोरीचा फोन येते काय गा?" काकांनी विचारलं.

"येते ना. रोज येते."

"थंडी असन तिकडे."

"सकाळी अकरा डिग्री होतं," बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले. "दुपारून ऊन निघते म्हणे."

माझ्या तोंडावर कापड होतं हे बरं झालं, असं मला वाटलं. इतकी खाली गेले होते मी.

काकांनी मग माझ्याकडे मोर्चा वळवला. मतदार दिसली की बोलायचं, अशी त्यांना सवय लागली होती. "कुठं चालली वं पोरी? कॉलेज काय?"

मी मान हलवली. आवाज काढायची सोय नव्हती. त्यांनी कागदाची गुंडाळी पाहिली. "अरे बाप्पा, ते मागाचं कॉलेज? तिथं तर ज्याले कुठंच नंबर लागत नाही ते जाते. यांची पोरगी पाहा. पुण्याले आहे. डिझाईन शिकून राहिली. चौकात फ्लेक्स लावला होता मी."

बाबांनी काकांना कधी उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी दिलं.

"असं नका बोलू, भाऊ. कोणाची पोरगी आहे, आपल्याले काय माहीत. तिच्या बापाले तर तिचं कौतुकच असन."

माझा हात डोक्यामागे गाठीवर गेला. एक ओढ दिली असती की सगळं सुटलं असतं. काकांपुढे तोंड उघडं पडलं असतं, चार दिवस गल्ली हसली असती आणि माझ्या बापाला रोज सकाळी परक्या गावाचं हवामान पाठ करावं लागलं नसतं. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. समजलं नाही, असं मला म्हणता येणार नाही. मी गाठ चाचपली, अजून घट्ट केली आणि हात खाली घेतला.

त्या ओढाताणीत दुपट्ट्याचं एक टोक सुटून ऑटोच्या बाहेर लोंबू लागलं. बाबा पुढे वाकले. माझ्या डोळ्यांत न बघता, दुकानातल्या आवाजात म्हणाले, "ताई, दुपट्टा आत घ्या. चाकात जाईन."

माझ्या बापाने मला ताई म्हटलं. घ्या म्हटलं. ज्या शब्दावरून मी त्यांना जेवताना घालूनपाडून बोलले होते तोच शब्द त्यांनी मला दिला, माझं खोटं सांभाळायला. मी टोक आत घेतलं. कॉलेजच्या दोन थांबे आधी उतरले आणि रस्त्याच्या कडेला एका भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. दुपट्टा ओला झाला होता. मला स्वतःची किळस आली. दुसरा शब्द नाही.

त्या आठवड्यात बाबा नेहमीसारखे आत्याकडे डोकावले. जेवली का, विचारलं. ऑटोचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडून तरी मोकळी झाले असते.

पुढच्या मंगळवारी मी मागावर पूर्ण केलेला माझा पहिला पंचा मॅडमनी उतरवून हातात दिला. "घरी ने, विकण्यासारखा नाही," त्या म्हणाल्या. तो घेऊन मी दुपारी थेट बाबांच्या दुकानात गेले. तोंड न बांधता. सहा महिन्यांनी गालांना ऊन लागलं, ते चक्क चावलं.

गादीवर तीन बायका बसल्या होत्या. बाबांच्या हातात एक साडी अर्धी उलगडलेली. मी चपला काढून बायकांच्या शेजारी जाऊन बसले. गल्ल्यावरून शेठने मान वर केली. त्यालाही बाबांनी पुणंच सांगितलेलं होतं.

"ये कौन बच्ची है?"

बाबा बोलले नाहीत. गिऱ्हाईकासमोर हा माणूस कधी अडला नव्हता. साडी तशीच हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले, आणि काय चाललंय ते मला कळलं. आज आपण कोण आहोत, बाप की परका, हे ते मला विचारत होते. मी सांगेन तसं ते म्हणणार होते. मी पुन्हा अनोळखी राहायचं ठरवलं असतं तर त्यांनी पुन्हा ताई म्हटलं असतं.

"बेटी हूँ इनकी," मी शेठला म्हटलं. "पुणे नहीं गई मैं. कामठी में पढ़ती हूँ."

"अच्छा," शेठ म्हणाला आणि पुन्हा कॅल्क्युलेटरकडे वळला.

एवढंच. ज्याच्यासाठी मी सहा महिने तोंड बांधून फिरले, आईबापाला खोटं बोलायला लावलं, ते जगाच्या दृष्टीने एका अच्छाएवढं होतं. गल्लीतही तसंच झालं. मी घरी राहायला परत गेले तेव्हा शेजारणी दोन दिवस कुजबुजल्या. काका म्हणाले, "बरं झालं, जवळ आहे," आणि दुसऱ्या कोणाचा तरी फ्लेक्स छापायला गेले.

पण ते नंतर. त्या दुपारी बाबांनी हातातली साडी बाजूला ठेवली, माझ्याकडून पंचा घेतला आणि काठावरून बोट फिरवलं. "काठ वाकडा आला," ते म्हणाले. मग मनगटाला तो एक झटका दिला, भारीतली साडी उघडताना द्यायचे तसाच, आणि माझा वाकडा पंचा त्या तिघींपुढे गादीवर पसरला.

"पाहा ताई. हातमागाचा आहे. माझ्या मुलीनं विणला."

मी मान वर केली नाही. जे काम मी हिणवलं होतं तेच काम ते माझ्यासाठी करत होते. त्या वाक्याची माफी मागायला तीच वेळ होती, आणि बायका बसल्या आहेत म्हणून मी गप्प राहिले. नंतर घरी आई होती म्हणून. नंतर आता फार दिवस झाले म्हणून. आज मी कामठीतल्या एका कारखान्यासाठी चादरींची डिझाईन करते, आठवड्यातून दोन दिवस त्याच संस्थेत शिकवते, आणि माफी अजून राहिलेलीच आहे.

बाबांचे गुडघे गेले, दुकान सुटलं. मागच्या महिन्यात मी त्यांना नवा मोबाईल घेऊन दिला. आवाज मोठा केला, अक्षरं मोठी केली, नातेवाइकांचे नंबर टाकले. ते शेजारी बसून पाहत होते. म्हणाले, "त्यात पुण्याचं हवामान टाक."

मला वाटलं, विसरले. "आता कशाले, बाबा? मी इथंच आहे ना."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण इतके दिवस पाहिलं, सवय लागून गेली. तिथं पाऊस दिसला की अजून जीवाले घोर लागते. वाटते, पोरगी भिजून राहिली असन."

मी मान खाली घातली आणि पुणे टाकलं.